खोक्यातली एकतीस गाणी आणि त्यातून एक अल्बम

पत्र: आमचा चौघांचा रॉक बँड नऊ वर्षं चालला आणि मग थांबला. दोन अल्बम निघाले, त्यातला दुसरा एका लेबलकडून, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून. मी बेस गिटार वाजवायचो. उरलेलं सगळं माझ्याकडे एका खोक्यात आहे: चौदा कॅसेट (त्यातल्या तीन चार-ट्रॅक रेकॉर्डरवरच्या), पाव इंची टेपची दोन रिळं, सहा सीडी आणि जुन्या कॉम्प्युटरची एक हार्ड डिस्क. मोजली तर गाणी एकतीस भरतात. त्यातलं एक दुसऱ्यांच्या संकलनात आलं होतं, बाकीची कधीच बाहेर आली नाहीत. ड्रमर म्हणतो, एकतीसच्या एकतीस काढू. मला नीट अल्बम हवा आहे, जमलं तर विनाइलच्या तबकडीवरही. कॅसेटवरचं आणि स्टुडिओतलं गाणं एकाच अल्बमात शोभेल का? दोन गाण्यांत बेस नाही, एकात गाणंच गायलेलं नाही, ते आता भरावं का? गिटारिस्ट भांडून गेला, तो बोलत नाही. त्याला विचारावं लागेल का? आणि सगळ्यात चांगलं गाणं टेप संपल्यामुळे मध्येच तुटलं आहे, त्याचं काय करू?

उत्तर:

तुमचं आणि ड्रमरचं म्हणणं एकमेकांना छेद देत नाही. तो म्हणतो ते जतनाला लागू आहे, तुम्ही म्हणता ते अल्बमला. जपायचं एकूण एक, अगदी अर्धवट रियाझसुद्धा. काढायची मात्र अकरा-बारा गाणी. ही दोन कामं वेगळी ठेवलीत तर निम्मा वाद तिथेच मिटेल.

त्याला पटवायला एक उदाहरण देतो, आणि योगायोगाने ते एका बेसवादकाचंच आहे. द हू या बँडचा बेसवादक जॉन एंटविसल याने १९७४ मध्ये बँडची विखुरलेली आणि पडून राहिलेली रेकॉर्डिंग एकत्र करून 'ऑड्स अँड सॉड्स' हा अल्बम तयार केला. थेट १९६४ पासूनचा माल हाताशी होता, तरी त्याने गाणी घेतली फक्त अकरा. १९९८ मध्ये तोच अल्बम तेवीस गाण्यांचा होऊन पुन्हा निघाला. ज्या क्रमाने हे झालं तोच क्रम बरोबर आहे. आधी घट्ट अल्बम, ज्याला तो आवडेल त्याच्यासाठी पुढे मोठा संग्रह. उलट क्रमाने केलं तर एकतीस गाण्यांच्या गर्दीत तुमची सहा उत्तम गाणी कुणाला सापडणारच नाहीत.

आता खोकं. गाणी निवडायला म्हणून कॅसेट डेकमध्ये टाकून ऐकत बसू नका. जुनी टेप शेवटचं नीट कधी वाजेल ते सांगता येत नाही, म्हणून जे वाजवणं होईल ते रेकॉर्ड करतच होऊ द्या. सुरुवात सीडी आणि हार्ड डिस्कपासून करा. लोकांना टेप नाजूक आणि डिजिटल टिकाऊ वाटतं, पण घरी लिहिलेल्या सीडीतला रंगाचा थर उतरला की ती एके दिवशी वाचलीच जात नाही. कॅसेट मात्र खराब झाली तरी थोडं थोडं बोलत राहते. चुका तपासत वाचणारं सॉफ्टवेअर वापरा आणि सीडी एका ड्राइव्हवर अडली तर दुसऱ्या ड्राइव्हवर करून पाहा. हार्ड डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून आत डोकावू नका. पहिल्यांदा चालू कराल तेव्हाच पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढा आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करा. जुन्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल उघडली नाही तर घाबरू नका, आतल्या कच्च्या ऑडिओ फाइली बहुतेक वेळा शाबूत असतात. एक फसगत मात्र हटकून होते. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ च्या प्रोजेक्टमध्ये रूपांतर न करता घेतली की गाणं जवळपास दीड अर्धस्वर वर चढतं आणि पळायला लागतं. गायकाचा आवाज कोवळा वाटला तर पहिला संशय यावर घ्या.

रिळांना स्वतः हात लावण्याआधी एक पाहा. रीळ उजेडासमोर धरा. गुंडाळलेल्या टेपमधून उजेड आरपार दिसला तर ती अ‍ॅसिटेटची जुनी टेप आहे, नाही दिसला तर पॉलिएस्टरची. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या वीसेक वर्षांतल्या बऱ्याच पॉलिएस्टर टेपमधला चिकटवणारा घटक हवेतला दमटपणा शोषून चिकट होतो. वाजवताना टेप किंचाळते, हेडवर तपकिरी राप चढतो आणि त्या रापेत तुमचं संगीत असतं. पहिली किंचाळी ऐकू आली की थांबवा. अशा टेपला साधारण ५४ अंश सेल्सिअसला निदान आठ तास कोरडी ऊब देतात, मग तितकाच वेळ थंड होऊ देतात आणि पुढच्या काही आठवड्यांत ती उतरवून घेतात, कारण हा इलाज तात्पुरता असतो. स्वयंपाकघरातल्या ओव्हनवर हा प्रयोग करू नका, त्याचं तापमान वीस-वीस अंशांनी वरखाली होतं. अ‍ॅसिटेटच्या टेपला तर ऊब अजिबात द्यायची नाही. दोनच रिळं आहेत, तर ती टेप उतरवण्याचं काम रोज करणाऱ्या माणसाकडे सोपवा. तिथे खर्च करा, पुढे दुसरीकडे वाचवा.

कॅसेट मात्र तुम्हाला स्वतः करता येतील, आणि तिथेच सगळ्यात जास्त आवाज वाचतो किंवा जातो. पहिलं काम: प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही चिपा मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. टेपच्या मध्यभागी मागे फेल्टचा बारीकसा तुकडा असतो, तो तिथे आहे का पाहा. तो निखळला असेल तर टेप हेडवर दाबली जात नाही आणि आवाज पुसट, हेलकावे खाणारा येतो. अशी टेप पाच स्क्रूच्या नव्या कवचात बदलून घालता येते. मग टेप एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळा. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आणि रबरी चाकाजवळचा धातूचा दांडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा.

त्यानंतर अझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन. तुमच्या चौदा कॅसेट एकाच डेकवर झालेल्या नसणार, आणि प्रत्येक रेकॉर्डरचा कोन थोडा वेगळा असतो. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला बारीक स्क्रू असतो. आधी त्याच्या मूळ जागेवर पेनाने खूण करा. डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनो ऐका, हाय-हॅट (ड्रमसोबतची झांजांची जोडी) वाजत असलेली जागा निवडा आणि स्क्रू अगदी सावकाश, घड्याळातल्या काही मिनिटांइतका फिरवा. आधी हाय-हॅट घोंगडीखालून आल्यासारखा वाटतो, मग एका जागी तो एकदम समोर येऊन उभा राहतो, आणि पुढे गेलात की पुन्हा मागे सरतो. जिथे सगळ्यात लख्ख ऐकू येईल तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला, शक्य तर प्रत्येक बाजूला नव्याने करायचं. इथे हुकलेला वरचा आवाज पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही, म्हणून या पाच मिनिटांचा कंटाळा करू नका.

डॉल्बीचा, म्हणजे टेपची 'सूं' कमी करणाऱ्या डेकमधल्या सोयीचा प्रश्न त्यानंतर. कॅसेटवर खूण नसेल तर एकदा डॉल्बी बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून, अशा दोन्ही प्रती घ्या. क्रम मात्र चुकवू नका. कोन बिघडलेला असताना डॉल्बी लावली तर आधीच कमी आलेला वरचा आवाज ती आणखी दाबते, आणि मग लोक डॉल्बीला नावं ठेवतात.

तीन चार-ट्रॅक कॅसेट साध्या डेकवर टाकल्यात तर दोन ट्रॅक सरळ आणि दुसऱ्या बाजूला दोन उलटे ऐकू येतील, कारण त्या रेकॉर्डरने कॅसेटच्या चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरल्या आहेत. शिवाय अनेक चार-ट्रॅक यंत्रं दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरने चालायची. तसं असेल तर सगळं निम्म्या वेगाने, खर्जात घुमत येईल. उलटं सुलटं करून, वेग दुप्पट करून जुळवणं कॉम्प्युटरवर शक्य आहे, पण दोन बाजू दोन वेगळ्या फेऱ्यांत उतरवलेल्या असल्याने त्या गाण्याच्या मध्यापर्यंत एकमेकींपासून सुटतात आणि मग दर काही ओळींनी हाताने जुळवत बसावं लागतं. त्यातून डीबीएक्स (डॉल्बीसारखीच सूं कमी करणारी दुसरी पद्धत) लावून रेकॉर्ड केलं असेल तर ते उलगडल्याशिवाय आवाज कर्कश आणि धापा टाकणारा येतो. त्यामुळे मूळ यंत्राच्याच प्रकारचा, त्याच वेगाचा चार-ट्रॅक रेकॉर्डर शोधा, उसना आणा, भाड्याने घ्या, आणि चारही ट्रॅक चार वेगळ्या तारांनी एका फेरीत उतरवा. या तीन कॅसेटमध्ये तुमच्या अल्बमचा जीव असण्याची शक्यता मोठी आहे, कारण कॅसेटपैकी फक्त यांचंच नव्याने मिक्सिंग करता येणार आहे, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची पातळी वेगळी ठरवून ते पुन्हा एकत्र करता येणार आहेत.

सगळं २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला घ्या. स्टिरिओला तासाला साधारण दोन गिगाबाइट लागतात, म्हणजे जागेची चिंता नाही. सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. उतरवताना कुठलाही नॉइज फिल्टर लावायचा नाही. टेप शेवटपर्यंत जाऊ द्या, मध्ये शांतता आली तरी थांबवू नका, जुन्या रेकॉर्डिंगवर नवं केलेलं असतं आणि त्याच्या मागे दहा मिनिटांनी काहीतरी उरलेलं असतं. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. फाइलच्या नावात टेपचा क्रमांक आणि बाजू घाला. गाण्याचं नाव पुढे बदलतं, टेपचा क्रमांक बदलत नाही.

वेग तपासायचाच. गिटारची पट्टी हा पुरावा पुरेसा नाही, कारण बँड अनेकदा एकमेकांशी सूर जुळवून वाजवतो, प्रमाण सुराशी नाही. रेकॉर्डिंगच्या पोटात विजेचा जो घुमणारा आवाज असतो तो जास्त खरं बोलतो. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे तो ५० वर हवा, ६० ची असेल तिथे ६० वर. ५० चा ५१ दिसला तर टेप दोन टक्के जोरात चालली आहे, म्हणजे सूर अर्धस्वराच्या जवळजवळ एक तृतीयांश वर गेला आहे. फक्त एक खातरजमा करा: टेप थांबवल्यावरही तो घुमणारा आवाज ऐकू येत असेल तर तो तुमच्या आजच्या डेकचा किंवा तारांचा आहे, त्यावरून वेग ठरवू नका.

आता एक तक्ता करा. प्रत्येक टेकसाठी, म्हणजे गाणं जितक्या वेळा रेकॉर्ड केलं त्या प्रत्येक वेळेसाठी, एक ओळ: टेप, बाजू, सुरुवातीची वेळ, गाणं, कितवा टेक, अंदाजे तारीख, कोण वाजवतंय, कशावर रेकॉर्ड झालं, कुणी लिहिलं, काय बिघडलंय. तारीख आठवत नसेल तर बँडमध्ये कोण आलं-गेलं, कुठली गिटार वाजतेय यावरून वर्ष पकडता येतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण परवानग्या, श्रेयनामावली आणि मुखपृष्ठामागचा मजकूर हे सगळं पुढे याच तक्त्यातून निघतं.

निवड करताना तिघांनी वेगवेगळं ऐकावं आणि आपापली यादी न बोलता लिहून काढावी. एकत्र बसून ऐकलं की आठवणी मत देतात. त्या रात्री किती मजा आली होती हे टेपवर नसतं. प्रत्येक गाण्याला एकच प्रश्न विचारा: पहिल्या दोन अल्बमांत आमची जी बाजू दिसली नाही ती यात दिसते का? दोन अल्बम जोरकस असतील तर खोक्यातलं साधं, दोन गिटारवर बसवलेलं गाणं तिसऱ्या जोरकस गाण्यापेक्षा मोलाचं आहे. आधी निघालेल्या गाण्याची कच्ची आवृत्ती फक्त तेव्हाच घ्या, जेव्हा तिची चाल, शब्द किंवा लय खरोखर वेगळी असेल. नुसता आवाज वाईट आहे ही काही वेगळी आवृत्ती होत नाही. टेक निवडताना चुकीपेक्षा लयीकडे बघा. सोलोत एक चुकलेला सूर आहे पण ड्रम आणि बेस एका श्वासात आहेत, तोच टेक घ्या.

तुमचा कॅसेट आणि स्टुडिओचा प्रश्न. हो, दोन्ही एका अल्बमात नांदतात, पण शेजार नीट ठरवावा लागतो. स्वच्छ आवाजाची कानाला सवय झाली की लगेच येणारं कॅसेटवरचं गाणं पहिली वीस-तीस सेकंदं पांघरुणाखालून आल्यासारखं वाटतं. उलट बाजूने, कॅसेटनंतरचं स्टुडिओचं गाणं टोचतं. म्हणून कॅसेटवरचं असं गाणं निवडा जे एकट्या गिटारने किंवा आवाजाने सुरू होतं, पूर्ण बँडच्या धडाक्याने नाही. त्याआधी नेहमीच्या दोन सेकंदांऐवजी चार-पाच सेकंदं शांतता ठेवा, किंवा टेपवरची खोलीतली कुजबुज, वन-टू-थ्री-फोर हे तसंच राहू द्या. दार उघडून दुसऱ्या खोलीत गेल्यासारखं वाटलं की ऐकणारा तो बदल मान्य करतो. कालक्रमाने गाणी लावायचा मोह होईल, तो टाळा. त्याने सगळ्यात कच्चं रेकॉर्डिंग पहिलं येतं आणि नवा माणूस तिथेच उठून जातो. विनाइल करणार असाल तर दोन बाजूंचा उपयोग करा. रोलिंग स्टोन्सचा १९८१ चा 'टॅटू यू' हा बऱ्याच अंशी मागच्या वर्षांतल्या शिल्लक रेकॉर्डिंगवरून बांधलेला आहे. त्याची एक बाजू दणदणीत, दुसरी संथ ठेवली, आणि ऐकताना तो उरल्यासुरल्याचा अल्बम वाटत नाही. तुम्ही एक बाजू स्टुडिओची आणि दुसरी कॅसेटवरची करू शकता.

प्रत्येक बाजू १८ ते २० मिनिटांत बसवा. त्याहून लांब केलीत तर खाचा जवळ जवळ कोराव्या लागतात, आवाज लहान होतो आणि तबकडीचा स्वतःचा खरखराट वर येतो. आतल्या वर्तुळाकडे खाचेचा वेग कमी होत असल्याने 'स' आणि झांजा तिथे फाटतात. म्हणून बाजूच्या शेवटी शांत गाणं, जोरकस गाणी सुरुवातीला. चाळीस मिनिटांत तुमची अकरा-बारा गाणी बसतातच, आकडा मी हवेतून काढलेला नाही.

साफसफाईत हात आखडता ठेवा. टिकटिक आणि आवाज अचानक गळालेल्या जागा आधी हाताने दुरुस्त करा, मग विजेचा घुमणारा आवाज त्याच्या पटींसह, म्हणजे ५०, १००, १५० वर अरुंद काप घेऊन कमी करा, आणि टेपची 'सूं' सगळ्यात शेवटी. ती चार ते सहा डेसिबल कमी झाली तरी पुष्कळ. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये काय काढून टाकलं जातंय तेवढंच ऐकायची सोय असते. ते लावून ऐका. त्यात झांजांचा चुरा किंवा गायकाचा श्वास ऐकू आला तर तुम्ही संगीत फेकताय, मागे या. जास्त साफ केलेल्या टेपला पाण्याखाली बोलल्यासारखा बुडबुडा येतो, आणि ऐकणाऱ्याला 'सूं' पेक्षा तो शंभरपट खटकतो. गाणं संपल्यावर सूं एकदम कापू नका, शेवटच्या सुरासोबत तिला हळूहळू विरू द्या.

ज्या गाण्यांचं फक्त स्टिरिओ मिश्रण उरलंय त्यांच्यातून वाद्यं वेगळी काढणारी साधनं आता चांगली झाली आहेत. बीटल्सचं २०२३ मध्ये निघालेलं 'नाऊ अँड देन' हे कॅसेटवरच्या जुन्या डेमोतून जॉन लेननचा आवाज असाच पियानोपासून वेगळा करून पूर्ण केलं गेलं. तुम्ही मात्र हे साधन पुनर्बांधणीसाठी वापरू नका. गायकाचा आवाज दोन-तीन डेसिबल वर घ्या, झांज दोन डेसिबल खाली, आणि सगळे तुकडे पुन्हा एकत्र वाजू द्या. एकत्र वाजताना फुटीच्या खुणा एकमेकींत झाकल्या जातात. एकेक तुकडा वेगळा करून त्यावर जड इफेक्ट लावलेत की झांजांना किडे लागल्यासारखा आवाज येतो.

बेस नसलेली दोन गाणी आता भरायला माझी हरकत नाही, कारण बेस तुमचाच आहे. शक्य तर तेव्हाचीच गिटार घ्या, तारा नव्या कोऱ्या चढवू नका आणि पहिल्या पाच-सहा टेकपेक्षा जास्त घासू नका. गाणं क्लिकशिवाय, म्हणजे कानात ठरावीक टिकटिक न घेता वाजवलेलं असेल तर ड्रमच्या मागे जा, ड्रमचे ठोके कॉम्प्युटरच्या समान आखणीवर सरळ करू नका. ती लय थोडी पुढे-मागे होते तेच तुमच्या बँडचं वाजवणं आहे. टेपचा सूर प्रमाणापासून ढळला असेल तर टेप बदलू नका, बेस तिच्याशी जुळवा. मूळ बेसविरहित प्रत संग्रहात जशीच्या तशी ठेवा आणि अल्बमवर नवा बेस कधी वाजवला ते स्पष्ट छापा. न गायलेलं गाणं मात्र मी भरणार नाही. वाद्यांवर ते उभं राहत असेल तर तसंच घ्या, नसेल तर सोडा. इतक्या वर्षांनी माणसाचा आवाज बदलतो, बाकीच्या गाण्यांशेजारी तो फरक लगेच कळतो आणि ऐकणाऱ्याचं लक्ष गाण्यावरून उडून त्यावर जातं.

मास्टरिंगला, म्हणजे सगळ्या गाण्यांचा आवाज शेवटी एकमेकांशी जुळवायला, सगळी गाणी एकाच माणसाकडे, एकाच वेळी द्या. सगळ्यात चांगल्या आवाजाचं नाही, मधल्या दर्जाचं गाणं मापाला धरा, बाकीची त्याच्याकडे थोडी थोडी सरकवा. कॅसेटच्या गाण्याला अगदी वरचे आवाज चढवून उजळपणा येत नाही, तिथे बहुतेक सूंच असते. तीन ते पाच किलोहर्ट्झमध्ये एक-दोन डेसिबलने गायक पुढे येतो, आणि ४० हर्ट्झखालची गडगड काढली की गिटारला जागा मिळते. गाण्यागाण्यांतली पातळी मीटरवर नाही, गायकाच्या आवाजावर जुळवा. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना गायक तेवढ्याच अंतरावर उभा वाटला पाहिजे. स्ट्रीमिंग सेवा उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायच्या एककाच्या) आसपास आवाज आणतात, तेव्हा ठोकून मोठं करण्यात फायदा नाही. शिखर उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. विनाइलसाठी वेगळा मास्टर मागा, लिमिटर (शिखरं दाबून आवाज मोठा करणारं साधन) जवळजवळ नसलेला आणि खालचे आवाज मध्यभागी आणलेला. चाचणी प्रत आली की दोघांनी दोन प्रती दोन वेगळ्या प्लेअरवर पूर्ण ऐका. एकच टिक दोन्ही प्रतींत त्याच जागी असेल तर दोष साच्यात किंवा त्याआधी आहे, कळवा. एकाच प्रतीत असेल तर तो त्या प्रतीपुरता.

गिटारिस्ट. हो, विचारावं लागेल, आणि हे काम मास्टरिंगच्या आधी उरका. एका रेकॉर्डिंगमध्ये दोन वेगळे हक्क असतात, एक गाण्याच्या रचनेचा आणि एक त्या ध्वनिमुद्रणाचा. शिवाय वाजवणाऱ्याचा स्वतःचा हक्क असतो. त्याने लिहिलेलं गाणं असेल तर दोन्हीकडे तो आहे, नुसतं वाजवलं असेल तरी संमती लागते. कायद्याचे तपशील देशागणिक बदलतात, म्हणून कागद वकिलाला दाखवा, पण सुरुवात कागदाने करू नका. त्याला आधी गाणी पाठवा, साफ केलेली, त्याची गिटार नीट ऐकू येणारी. सोबत एक पान: कुठली गाणी घेतोय, प्रत्येकात रचनेचा कुणाचा किती वाटा (बेरीज शंभर), खर्च निघाल्यावर पैसे कसे वाटणार, नाव कसं छापणार. मध्यस्थ लागत असेल तर ज्याच्याशी तो भांडला नाही त्याने बोलावं. त्याने नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर तो ज्यात आहे ती गाणी बाजूला ठेवा. 'बोलला नाही म्हणजे हरकत नाही' असं धरून चालू नका.

याच वेळी लेबलचा जुना करार काढून वाचा. अनेक करारांत मुदतीत झालेलं सगळं रेकॉर्डिंग, न निघालेलंसुद्धा, लेबलचं असतं, आणि निघालेली गाणी पुन्हा रेकॉर्ड करण्यावर काही वर्षांची बंदी असते. तुमच्या तक्त्यातल्या तारखा इथे कामाला येतात. संकलनातल्या गाण्याचा परवाना एकाधिकाराचा होता का आणि संपला का तेही पाहा. स्टुडिओचं बिल थकलं असेल तर चुकतं करून पावती घ्या. दुसऱ्याचं गाणं वाजवलेलं असेल, रियाझातही, तर रचनाकाराचा परवाना लागतो. संकलनात आलेलं गाणं तसंच वापरलंत तर त्याचा जुना आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षरी ओळखक्रमांक, कायम ठेवा. नव्याने मिक्स केलेल्याला नवा घ्या. फोटो वापरणार असाल तर काढणाऱ्याचीही परवानगी.

आतल्या मजकुरात कौतुक कमी आणि माहिती जास्त द्या. प्रत्येक गाण्याखाली कुठे, केव्हा, कोण, कशावर आणि ते का राहून गेलं. असा अल्बम घेणारा माणूस हे ओळ न् ओळ वाचतो.

शेवटी ते तुटलेलं गाणं. आधी दोन गोष्टी तपासा: कॅसेटच्या दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला ते पुढे चालू झालंय का, आणि बाकी तेरा कॅसेटमध्ये त्याच वेगात, त्याच पट्टीत वाजवलेला दुसरा टेक आहे का. दुसरा टेक असेल तर शेवटचं कडवं त्यातून जोडता येईल, सांधा ड्रमच्या ठोक्यावर घ्या आणि मजकुरात तसं लिहा. नसेल तर गाणं हळूहळू विझवू नका. फेड-आउट केलं की ते तुमचं ठरवलेलं वाटतं, आणि ते तुम्ही ठरवलेलं नव्हतं. टेप जिथे संपली तिथे संपू द्या, बटण वर उडाल्याचा खट् ऐकू येत असेल तर तोही ठेवा, आणि हे गाणं पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी घाला, म्हणजे ऐकणाऱ्याला उठून तबकडी उलटायलाच लागेल.